सोडियम उतरलं, मनगट मोडलं, आणि दोष सुनेच्या मिठाला

निपाणीजवळच्या एका गावातून आलेलं पत्र. नाव-गाव वगळून, थोडक्यात:

"सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. बीपी जुनंच. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यापासून मी स्वयंपाक अळणीच करते, लोणचं-पापड बंद केलेत. मामंजी गेल्यावर त्यांना झोप लागेना, कशात मन लागेना, म्हणून बेळगावच्या डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली. बीपीसाठी मात्र आम्ही कोल्हापूरला जातो. आषाढात बीपी वाढलं म्हणून तिथे गोळी बदलून दिली. श्रावणात एकभुक्त होत्या. तेव्हापासून मळमळ, चालताना झोक जाणं, बोलता बोलता विसरणं सुरू झालं. वयाचं असेल म्हणून सोडून दिलं. गणपतीत परसात पाय घसरून पडल्या, उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात रक्त तपासलं तर सोडियम १२६. सलाईन लावल्यावर दोन दिवसांत १३१ झालं, मग घरी सोडलं. आठवड्यानं परत तपासा म्हणाले होते, ते राहूनच गेलं. आता वन्सं म्हणतात, तू मीठ तोडलंस म्हणून आईचं हे झालं. त्या रोज दोन-तीन तांबे मीठ-साखर-पाणी द्यायला लावतात. दीर म्हणतात, मीठ हाडं खातं, अजिबात देऊ नका. चार वर्षं कॅल्शियमच्या गोळ्या देतेय, तरी हाड मोडलंच कसं? मीठ द्यायचं की नाही, एवढं एकदा स्पष्ट सांगा."

ताई,

मीठ वाढवू नका आणि मीठ-साखर-पाणी आजपासून बंद करा. उद्या सकाळी रक्त द्यायला घेऊन जा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुमच्यावर जो ठपका आला आहे, त्याचं आधी बोलू. रक्तातलं सोडियम साधारण १३५ ते १४५ असतं. ते १२६ वर आलं की घरात सगळ्यांची नजर मिठाच्या डब्याकडे जाते, कारण मीठ म्हणजे सोडियम हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. पण हा आकडा शरीरात एकूण मीठ किती आहे ते सांगत नाही. पाण्याच्या मानानं किती आहे, एवढंच सांगतो. आमटी अळणी लागली तर मीठ कमी पडलं असेल, किंवा ऐनवेळी पाहुणे आले म्हणून कुणी तांब्याभर पाणी ओतलं असेल. म्हाताऱ्या माणसांत बहुतेक वेळा दुसरी गोष्ट घडलेली असते. मूत्रपिंडानं जादा पाणी बाहेर टाकायला हवं, ते त्याला टाकता येत नाही, आणि रक्त पातळ होत जातं.

मीठ खरोखर कमी मिळालं तर निरोगी मूत्रपिंड ते मुठीत धरून ठेवतं, लघवीतून जवळजवळ जाऊच देत नाही. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातले यानोमामी आदिवासी वरून मीठ घेतच नाहीत म्हटलं तरी चालेल, आणि वय वाढलं तरी त्यांचं बीपी चढत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात तर तुम्ही कितीही हात आखडला तरी भाकरी, भाजी, दूध, डाळ यांतून थोडंफार सोडियम जातंच. नुसत्या अळणी जेवणानं कुणी १२६ वर येत नाही. दुसरं काही कारण असेल तर अळणी जेवण त्याला थोडा हातभार लावतं, एवढंच. ते दुसरं कारण मला तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या गोळ्यांच्या फोटोत दिसतं आहे.

कुंद्याच्या रिकाम्या डब्यातल्या गोळ्या वर्तमानपत्रावर ओतून तुम्ही फोटो काढलात, हे फार बरं केलंत. एका पट्टीचं नाव कापताना गेलं आहे, ती कसली ते औषधाच्या दुकानात विचारून घ्या. पण तिच्या शेजारची पट्टी स्पष्ट वाचता येते. बीपीच्या गोळीच्या नावापुढे 'एच' आहे. म्हणजे मूळ औषधात हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारं औषध मिसळलं आहे. काही गोळ्यांवर 'सीटी' असतं, ते क्लोरथॅलिडोन. ते याच थायझाइडच्या कुळातलं. इंडापामाइडही तसंच. बीपीसाठी ही औषधं चांगली आहेत, स्वस्त आहेत, लाखो लोकांना ती सोसतात. पण वयस्कर, शरीरानं बारीक बाईला ती सुरू केली की काही आठवड्यांत सोडियम घसरलेलं आम्ही डॉक्टर मंडळी वरचेवर पाहतो. आषाढात गोळी बदलली आणि श्रावणात झोक जायला लागला, हा क्रम तुम्हीच लिहिला आहे.

दुसरी पट्टी एस्सिटालोप्रामची, म्हणजे बेळगावची झोपेची-मनाची गोळी. या जातीच्या गोळ्यांनी शरीरातलं पाणी धरून ठेवणारं संप्रेरक नको तेव्हा पाझरत राहू शकतं. मग तहान नसतानाही मूत्रपिंड पाणी अडवून ठेवतं. एकटी ही गोळी कदाचित निभावली असती. तिच्यावर 'एच' आली आणि त्यावर श्रावण आला.

श्रावणाचं म्हणाल तर, उपास-तापासात आपण किती मीठ खातो याचीच चर्चा करतो, प्रथिनांकडे कुणी बघत नाही. मूत्रपिंडाला नुसतं पाणी बाहेर टाकता येत नाही. पाण्याबरोबर काहीतरी विरघळलेलं द्यावं लागतं, आणि त्यातला मोठा वाटा प्रथिनं पचल्यावर उरणाऱ्या युरियाचा. दिवसभर चहा-टोस्ट, संध्याकाळी पेज किंवा वाटीभर साबुदाणा, आणि वर "पाणी भरपूर प्या" हा सगळ्यांचा सल्ला. अशा दिवसांत म्हातारं माणूस जितकं पाणी पितं तितकं बाहेर टाकूच शकत नाही.

आता मीठ-साखर-पाणी का नको, ते. जुलाब-हगवणीत ते जीव वाचवतं, तिथे त्याला मी हात लावणार नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेल्या ओआरएसमध्ये लिटरला ७५ एकक सोडियम असतं. सासूबाईंच्या रक्तात, पडल्या तेव्हाही, त्याच मापानं १२६ होतं. म्हणजे त्यांच्या रक्तापेक्षा पातळ पाणी तुम्ही रोज दोन-तीन तांबे देता आहात. पाणी अडवून ठेवणारं मूत्रपिंड त्यातलं मीठ लघवीतून सोडून देतं आणि पाणी ठेवून घेतं. सोडियम वाढवायच्या हेतूनं दिलेलं पाणी ते आणखी उतरवू शकतं. घरी चमच्यानं केलेल्या पाण्यात तर मीठ किती पडतं याचा काही धरबंदच नसतो. वन्संना हे सांगताना त्यांना चूक ठरवायला जाऊ नका. त्यांना आईची काळजी वाटते, आणि जुलाबाच्या वेळचा उपाय त्यांनी इथे लावला, इतकंच.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरली आहे: हाड ठिसूळ होतं म्हणून मोडलं, आणि सोडियम हा वेगळा, योगायोगानं सापडलेला आजार. मला हे दोन आजार वाटत नाहीत.

हाड मोडायला आधी पडावं लागतं. सोडियम थोडं जरी उतरलं तरी चाल बिघडते, लक्ष लागत नाही, पाय जिथे टाकायचा तिथे पडत नाही. ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बरेच दिवस सोडियम कमी असलेले, पण वरवर काही त्रास नसलेले १२२ रुग्ण त्यांनी पाहिले. त्यांतले २१ टक्के लोक पडल्यामुळे दवाखान्यात आले होते. सोडियम ठीक असलेल्यांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होतं. अशा काही रुग्णांना चालायला लावून त्यांच्या पावलांची रेघ मोजली, तर ती बेताची दारू प्यायलेल्या माणसासारखी वाकडीतिकडी निघाली. सासूबाईंचा श्रावणातला झोक वयाचा नसावा. "वयाचं असेल" हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झालं आहे, आणि त्याखाली बरे होण्यासारखे आजार दडून राहतात.

पडणं झालं, आता हाड. शरीरातल्या सोडियमचा सुमारे तिसरा हिस्सा हाडांत साठवलेला असतो. रक्तातलं सोडियम बराच काळ कमी राहिलं की शरीर त्या साठ्याला हात घालतं. हाडात दोन प्रकारच्या पेशी सतत काम करत असतात, एक जुनं हाड पोखरणाऱ्या आणि दुसऱ्या नवं बांधणाऱ्या. सोडियम कमी झालं की पोखरणाऱ्या पेशींना चेव येतो, आणि हाड पोखरलं जाताना सोडियमच्या बरोबर कॅल्शियमही जातं. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांवरचा प्रयोग मांडला. तीन महिने सोडियम कमी ठेवलेल्या उंदरांची हाडांची घनता सुमारे ३० टक्क्यांनी घटली होती. त्याच लेखात अमेरिकेतल्या पन्नाशीपुढच्या लोकांच्या नोंदी होत्या. सोडियम कमी असणाऱ्यांत खुब्याचं हाड विरळ असण्याची शक्यता अडीच पटीहून जास्त निघाली.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि नोंदींवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पुढच्याच वर्षी रॉटरडॅमच्या पाच हजारांहून जास्त वयस्क लोकांच्या अभ्यासात सोडियम कमी असणाऱ्यांची हाडांची घनता कमी दिसली नाही. हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र त्यांच्यातही जास्तच होतं. मला यातून जे घेण्यासारखं वाटतं ते असं: सोडियम कमी असलेल्या माणसाचा हाडांचा अहवाल चांगला आला तरी निर्धास्त राहू नये.

चार वर्षं कॅल्शियम देऊनही हाड मोडलं, याची खंत करू नका. त्या गोळ्या फुकट गेल्या नाहीत, पण त्यांचं काम तुम्ही समजत होतात तेवढं मोठं कधीच नव्हतं. पाळी गेल्यानंतर हाड विरळ होतं ते मुख्यतः पोखरणाऱ्या पेशींना आवर घालणारं संप्रेरक संपल्यामुळे. कॅल्शियम हा कच्चा माल आहे, तो या पेशींना थांबवत नाही. त्यासाठी वेगळी औषधं असतात. आणि उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणं ही हाडं विरळ झाली असावीत याची खूण मानतात, खात्री तपासणीनं करतात. मनगटावर भागलं ते थोडक्यात भागलं म्हणायचं. पुढच्या वेळी खुबा असू शकतो. प्लास्टर काढून विषय संपवणारी घरं पाहिली की माझा फार जीव तुटतो.

दीरांचं "मीठ हाडं खातं" हे म्हणणं अगदीच वावगं नाही. जास्त मीठ खाल्लं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. पण हिशेब बघा: रोजच्यापेक्षा सुमारे ६ ग्रॅम मीठ जास्त खाल्लं तर साधारण ४० मिलिग्रॅम कॅल्शियम जादा जातं. पेलाभर दुधात याच्या पाच-सहा पट कॅल्शियम असतं. म्हणजे मीठ बेताचं ठेवा, पण चिमूटभर मीठ पडलं म्हणून घरात भांडण नको. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याइतकं, हे सगळ्यांसाठीच ठीक. तुमचा स्वयंपाक आहे तसाच चालू द्या.

यात एक गंमत आहे, आणि ती डॉक्टरांनाही चकवते. ही 'एच'ची गोळी लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवते. हाडांना ती बरी, असं पुस्तकात शिकवतात, आणि ते खरंही आहे. पण ज्या बाईचं सोडियम तिच्यामुळे उतरतं, ती वाचवलेल्या कॅल्शियमसकट परसात आपटते. तिथे पुस्तकातला फायदा कामाचा नाही. शिवाय या गोळीबरोबर कॅल्शियमच्या गोळ्या आणि 'ड' जीवनसत्त्वाची ६० हजारांची पुडी वर्षानुवर्षं चालू असेल तर रक्तातलं कॅल्शियम नको तितकं वाढूही शकतं. डब्यात पुड्याही दिसतात. त्या दर आठवड्याला किती दिवस घ्यायच्या हे कुणी सांगितलं होतं का? साधारण आठ आठवडे देऊन मग महिन्याला एक अशी पद्धत असते. रोजच्या गोळीसारखी ती कायम आठवड्याला घ्यायची नसते.

आता करायचं काय. बीपीची गोळी स्वतः बंद करून नुसतं बसू नका, बीपी उसळलं तर तो वेगळा घोर. उद्याच कोल्हापूरच्या डॉक्टरांना फोन करा आणि एवढंच म्हणा: "पडल्या तेव्हा सोडियम १२६ होतं, 'एच'ची गोळी चालू आहे, काय करू?" बहुतेक डॉक्टर तिथेच ती बदलून देतील, 'एच' नसलेल्या बीपीच्या भरपूर गोळ्या आहेत. 'एच' थांबली की सोडियम बरेचदा काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत जागेवर येतं. मनाची गोळी मात्र एकदम तोडायची नसते. ती हळूहळू कमी करायची की दुसऱ्या जातीची द्यायची, हे बेळगावच्या डॉक्टरांनी ठरवावं. मामंजींच्या जाण्याचं दुःख खरं आहे, तेव्हा गोळीवर राग काढू नका.

इथे आपल्या सीमाभागाची एक अडचण आहे. निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव जवळजवळ दुप्पट लांब. एक आजार तिकडे, एक इकडे, मोडलं-बिडलं तर मिरज. तिन्हीकडे कागद वेगळे, बोलणं कुठे मराठीत, कुठे कानडीत, आणि एका डॉक्टरानं काय दिलंय ते दुसऱ्याला कळतच नाही. तुमच्या घरात दोन भल्या डॉक्टरांच्या दोन ठीक गोळ्यांनी मिळून हा घोळ केला. एक साधी वही करा. सगळ्या गोळ्यांची नावं पट्टीवर बघून अक्षरशः उतरवा, कोणती कधी सुरू झाली ते पुढे लिहा, आणि पहिल्या पानावर लाल पेनानं: "थायझाइडनं सोडियम उतरलं होतं, परत देऊ नये." ज्याचं एकदा उतरतं त्याचं पुन्हा दिल्यावर पुन्हा उतरण्याची भीती असते. पुढच्या कुठल्याही दवाखान्यात, कुठल्याही भाषेत, आधी वही उघडायची. अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल चालू असेल तर तीही त्यात लिहा. ती वर्षानुवर्षं उपाशीपोटी घेणाऱ्यांत सोडियमची आणि हाडांचीही कुरकुर आढळते. लागते का, हे एकदा विचाराच. मनगटासाठी वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर त्याही. त्यांनीही पाणी अडतं.

उद्याच्या रक्ताबरोबर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते), साखर, थायरॉइड आणि कॅल्शियम बघून घ्या. साखर फार वाढलेली असली तरी सोडियमचा आकडा खाली दिसतो, आणि थायरॉइड मंद असलं तर कधी कधी ते खरोखरच उतरतं. गोळ्या बदलूनही आकडा वर आला नाही तर लघवीतलं सोडियम आणि लघवीचा दाटपणा तपासतात. कारण त्यावरून उलगडतं. दरम्यान "तीन-चार लिटर पाणी प्या" हे शेजाऱ्यांचं ऐकू नका. तहान लागेल तेवढंच, आणि चहा, ताक, पेज, सगळं त्यात धरून. नेमकं किती, ते आकडा बघून डॉक्टर सांगतील. काही जणांना लिटरभरावर आणतात, आणि ज्यांचं अंग खरोखर कोरडं पडलं आहे त्यांना उलट सलाईन लागतं. म्हणून घरबसल्या मी तुम्हाला लिटर लिहून देत नाही.

वारंवार उलट्या, खूप डोकं दुखणं, झापड, असंबद्ध बोलणं किंवा फिट आली तर रात्र असो की पहाट, सरळ मोठ्या दवाखान्यात. तोंडात मीठ घालत बसायचं नाही. तिथेही सोडियम हळूच वाढवतात, दिवसाला आठ-दहा एककांच्या आत. फार जुनं उतरलेलं सोडियम झपाट्यानं वर नेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टर "आज एवढंच" म्हणाले तर नातेवाईकांनी घाई करू नये.

सोडियम स्थिरावलं की हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या. टी-स्कोर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असला तर हाडं विरळ म्हणतात. त्यांच्या बाबतीत मनगट मोडलंच आहे, तेव्हा आकडा थोडा बरा आला तरी हाडांच्या औषधाबद्दल विचाराच. आठवड्याला एकदा घ्यायची गोळी दिली तर ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कॅल्शियम त्या वेळी नको, ते जेवणानंतर.

जेवणात मीठ न वाढवता प्रथिनं वाढवा: रोज एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ, दूध-दही, चालत असेल तर अंडं. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी घरात आहेच. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पुढच्या श्रावणात एकभुक्त राहायचंच म्हणाल्या तर त्या एका जेवणात डाळ-दूध भरपूर असू द्या. आणि परसातल्या शहाबादी फरशीवरचं शेवाळ दिरांना या रविवारी घासून काढायला सांगा. मोरीच्या दाराशी हाताला धरायला एक दांडा बसवून घ्या, दिवा रात्रभर राहू दे.

वन्संना हे पत्र वाचायला द्या. त्यांना रागवायला जागा उरू नये म्हणून एक काम त्यांच्याकडे सोपवा: उद्या रक्त द्यायला आईबरोबर त्यांनीच जावं, आणि वहीचं पहिलं पान त्यांच्या अक्षरात असावं.